बिनसांध्याचा फ्लोट

प्लॅस्टिकची वस्तू कोणत्या पद्धतीनं बनवायची, हे मी पाच मिनिटांत सांगते. अकोल्याच्या एमआयडीसीत बारा वर्षं हेच करतेय. बादल्या लाखांनी हव्या असतील तर इंजेक्शन मोल्डिंग. तेलाचा कॅन असेल तर ब्लो मोल्डिंग. आणि मोठी, पोकळ, थोडेच नग लागणारी वस्तू असेल तर रोटोमोल्डिंग. गच्चीवरची पाण्याची टाकी बनते तसं. साच्यात पूड टाकायची, साचा बंद करायचा आणि ओव्हनमध्ये फिरवत ठेवायचा. पूड वितळून आतल्या बाजूला सगळीकडे सारखी बसते. सांधा कुठंच नाही.

बेबीताई मार्चमध्ये आल्या. बडनेऱ्याजवळ त्यांचा भाजीपाल्याचा मळा. आदल्या वर्षी त्यांचा दीर जयवंता शेततळ्यात बुडून गेला. पोहता येत होतं त्याला, पण तळ्यात अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं इतका निसरडा होतो, की काठावर चढताच येत नाही. बेबीताईंनी बचतगटातल्या बायकांना घेऊन आसपासच्या चाळीस तळ्यांत धरायला एकेक फ्लोट, म्हणजे तरंगणारा पोकळ गोळा, सोडायचं ठरवलं होतं.

"डबे बांधून पाह्यले मॅडम. उन्हानं तडकतात. बुडणार नाही असं काई सांगा."

"रोटोमोल्डिंग," मी म्हटलं. प्रश्नच नव्हता.

पहिला नमुना आठवड्यात निघाला. पिवळाधमक, कलिंगडाहून जरा मोठा. भिंतीची जाडी तपासायला एक नग कापावाच लागतो. ओव्हन सांभाळणाऱ्या ललितनं करवत फिरवली, दोन अर्ध्या वाट्या टेबलावर ठेवल्या आणि तो थांबला.

आतल्या भिंतीवर पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा. ओल्या मातीवर हात दाबावा तसा, आतून बाहेर दाबलेला. बाहेरून मात्र फ्लोट गुळगुळीत.

"पूड भरताना हात लागला असेल," मी म्हटलं.

"पुडीवर हात उमटला तरी वितळल्यावर राहीन काय मॅडम?" ललित म्हणाला.

खरं होतं. बंद साच्याला बाहेरची वाट एकच होती, हवेचं पेन्सिलएवढं भोक. मी साचा उघडून आतून बोट फिरवलं. आरशासारखा होता. दुसरा नग काढला, मग तिसरा. दोन्ही कापले. दोन्हींत पंजा, दर वेळी वेगळ्या जागी.

बेबीताईंना बोलावून घेतलं. त्यांनी बराच वेळ त्या ठशाकडे पाहिलं. मग आपला हात त्यावर न टेकवता वर धरला.

"जयवंताचा नाही हा," त्या म्हणाल्या. "त्याचा हात रुंद होता."

मला त्यांचं बोलणं पटलं, आणि पटलं म्हणूनच मी त्या वाट्या पालथ्या घातल्या.

मी पद्धत बदलून पाहिली. तापवलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यापासून दोन अर्धे भाग ओढून घेतले, आतून पुसले, माझ्यासमोर जोडले. त्यात काही उमटलं नाही. टाकीत टाकल्यावर दोन दिवसांत सांध्यातून पाणी शिरलं आणि तो फ्लोट तळाशी जाऊन बसला.

ललितनं विचारलं, "मंग आता?"

मी दोन्ही पद्धतींचे नमुने समोर ठेवले. एकात ठसा होता, पण तो बुडणारा नव्हता. दुसरा स्वच्छ होता आणि बुडत होता. माणूस ज्याला धरणार, ती वस्तू कशी बनवायची, याचं उत्तर मला ठाऊक होतं.

"रोटोमोल्डिंग," मी म्हटलं. "चाळीस नग."

एकही कापला नाही.

ऑगस्टमध्ये बेबीताईंचा फोन आला. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा कुलदीप भर दुपारी तळ्यात घसरला होता. वाचला. मी दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं बडनेऱ्याला गेले.

तो बेबीताईंच्या ओसरीवर चहा पीत बसला होता.

"फ्लोट लगेच हाती लागला ना?" मी विचारलं.

"नाई मॅडम. दोनदा निसटला." त्यानं कप खाली ठेवला. "मंग त्यानंच मले धरलं."

"कोणी?"

बेबीताई तळ्याकडे पाहत होत्या.

मी तो फ्लोट सोबत अकोल्याला आणला. बाहेरून एकही ओरखडा नव्हता, पाणी शिरलेलं नव्हतं. ललितला म्हटलं, काप.

दोन वाट्या टेबलावर वेगळ्या झाल्या. मी उजेडात धरून पाहिल्या. मग डोळे मिटून, सावकाश, सगळीकडे बोटं फिरवली.

भिंत सारखी होती, पंजा कुठंच नव्हता. आत आता कोणी नव्हतं.