शंकासमाधान नसलेली टेप

लोकांना वाटतं, विहाराच्या ध्वनिसंग्रहात काम म्हणजे दिवसभर शांतता. कसली शांतता! फोन सारखा खणखणत असतो. कुणाला झोप लागत नाही, कुणाला सुनेचा राग आवरत नाही, कुणाच्या घरातलं कुणी गेलेलं असतं. मी विचारते, "सलग किती वेळ बसवतं? संथ आवाज चालेल की जरा ठसठशीत हवा?" आणि मग कपाटातल्या सातशे टेपांमधून त्या माणसाला मानवेल असं एक प्रवचन सुचवते. मोठा भाऊ मला चिडवायचा, "तू म्हणजे औषधाचं दुकान. चिठ्ठी बघायची, पुडी बांधायची."

तोच दादा, वहिनी गेल्यानंतर चौथ्या महिन्यात, एका सकाळी माझ्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण भलत्याच काजात.

"सगळ्या जगाला सुचवतेस," तो म्हणाला. "मला काही नाही का तुझ्याकडे?"

मी त्याला थोरल्या भन्तेंचं अनित्यतेवरचं प्रवचन दिलं. थोरले भन्ते म्हणजे आमच्या विहाराचे पहिले गुरू. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. जे येतं ते जातं, एवढंच त्यात आहे. पण ते अशा आवाजात सांगतात की खांद्यावर कुणी हात ठेवल्यासारखं वाटावं. अठ्ठावीस मिनिटं. कॉम्प्युटरवर ते मीच उतरवून घेतलं होतं, त्यामुळे पाठ झालेलं. शेवटी भन्ते एकदा खाकरतात, खट् आवाज होतो आणि टेप संपते. दादाकडे जुना टेपरेकॉर्डर होता, म्हणून त्याला मूळ कॅसेटच दिली.

आठवड्याने त्याच्याकडे गेले, तर स्वारी चक्क दाढी करून बसलेली. घर झाडलेलं. माझा जीव भांड्यात पडला.

"गुण आला म्हणायचा," मी म्हटलं.

"प्रवचन छानच आहे गं. पण खरा आनंद नंतरच्या शंकासमाधानात."

"त्या टेपवर शंकासमाधान नाहीये, दादा."

"तू शेवटपर्यंत ऐकलीच नसशील."

"बरं. कोण विचारतं शंका?"

तो कप पुसत होता. मान वर न करता, सहज बोलावं तसं म्हणाला, "ही विचारते."

दुःखात माणसाला काय काय ऐकू येतं, हे माझ्या टेबलावर रोजचंच. तरी परत आल्यावर मी कॉम्प्युटर उघडून पाहिला. अठ्ठावीस मिनिटं. खाकरणं, खट्, संपलं. आता विहार सांभाळणारे धाकटे भन्ते परगावी होते; आठवड्याने आले, तशी जिना उतरून त्यांच्याकडे गेले. सत्तरीचे आहेत, पण आम्ही अजून धाकटेच म्हणतो. माझं ऐकता ऐकता त्यांच्या हातातला झाडू थांबला.

"ते प्रवचन सभेतलं नाही," ते म्हणाले. "सभागृह रिकामं होतं. बटण दाबायला मी एकटा. तरी ते मध्येच थांबायचे, कुणाकडे तरी बघून मान हलवायचे. मी विचारलं, कुणासाठी बोललात? तर म्हणाले, ज्यांना यायला उशीर होतो त्यांच्यासाठी."

"म्हणजे?"

"मी पुढे विचारलं नाही. टेप परत आण. आजच."

चारच्या सुमाराला मी दादाच्या दारात होते. बाहेर लख्ख ऊन, आणि आत सगळे पडदे ओढलेले. आठवडाभर मी पाठवलेले डबे ओट्यावर तसेच रांगेत, एकाचंही झाकण उघडलेलं नाही. हवेत ओल्या चादरीचा आणि फिनेलचा वास होता. वहिनीच्या वॉर्डात शेवटचे तीन आठवडे मी हाच वास घेतला होता.

टेपरेकॉर्डरसमोर दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर दादा. गळ्याची हाडं वर आलेली, पण चेहरा कसा प्रसन्न. दुसऱ्या खुर्चीकडे वळले, तसा तो घाईने म्हणाला, "तिथे नको..."

मी खाली जमिनीवर बसले. म्हटलं, एकदा त्याच्यासमोरच संपू दे, म्हणजे त्याची खात्री पटेल, मग घेऊन जाऊ.

प्रवचन झालं. भन्ते खाकरले. मी खट् आवाजाची वाट पाहत राहिले.

तो आला नाही.

नुसती खरखर. डावं चाक पूर्ण रिकामं झालं होतं, तरी दोन्ही चाकं फिरत होती. दादा रिकाम्या खुर्चीकडे कलला आणि एखाद्याचं बोलणं ऐकावं तशी मान हलवू लागला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मग भन्तेंचा आवाज आला, स्वच्छ, अगदी खोलीतला.

"समजलं, बाई. पण त्याला बरोबर नेता येत नाही."

खरखर.

"नाही. त्याने हो म्हटलं, तरीही नाही."

"मी हो म्हटलंय गं..." दादा पुटपुटला. माझ्याशी नव्हे.

उठायला गेले, उठवेना. खरखर वाढत गेली, आणि मग भन्ते हळू आवाजात म्हणाले, "आणि आज ही खाली कोण बसली आहे...?"

रिकामी खुर्ची करकरली. माझ्या दिशेने.

कुठून बळ आलं माहीत नाही. मी वायर खेचली. प्लग हातात आला तरी चाकं फिरत होती. झाकण उघडून कॅसेट ओढली, दादाचं मनगट धरलं आणि त्याला अनवाणी उन्हात आणलं. तो लहान मुलासारखा रडत होता. "तिची एकच शंका राहिली होती. एकच... तेवढी तरी विचारू द्यायचीस."

त्याला मी माझ्या घरी ठेवून घेतलं. दोन महिने तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. समोर ठेवलं तर खायचा, नाहीतर भिंतीकडे बघत बसायचा. मग एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "आमटीत मीठ कमी आहे." मी पदरात तोंड लपवून रडले. आता बरा आहे. सकाळी फिरायला जातो, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतो. वहिनीचं नाव मात्र काढत नाही, आणि मीही काढत नाही.

ती कॅसेट धाकट्या भन्तेंनी फडक्यात बांधून स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. कॉम्प्युटरवरून मी ते प्रवचन पुसलं, यादीतूनही काढून टाकलं.

गेल्या बुधवारी एका गृहस्थांचा फोन आला. दूरच्या गावचे, आमची ओळखदेख नाही.

"आभार मानायला फोन केला, ताई. बायको गेल्यापासून मन लागत नव्हतं. तुमच्याकडून आलेलं प्रवचन रोज ऐकतो."

"कोणतं?"

"अनित्यतेवरचं. थोरल्या भन्तेंचं."

"ते... कुणी पाठवलं तुम्हाला?"

"दुसऱ्या बाई आहेत ना तुमच्याकडे, त्यांनी. मी दुपारी फोन केला होता, तुम्ही जेवायला गेला होतात. फार मायेने बोलल्या हो."

अकरा वर्षं मी इथे एकटी काम करते. जेवायला जाताना कुलूप लावून किल्ली पदरात बांधते.

"काय म्हणाल्या त्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, सुचवायचं काम हल्ली मीच बघते. नणंदबाई फार दमतात."