तेरीज जुळल्यावर

बिडवई सरांच्या वर्गात हल्ली 'समजलं' असं कुणी म्हणत नसे. म्हणायची गरजच उरली नव्हती. सरांनी फळ्यावर एखादी गोष्ट उलगडून दाखवली की बाकांवरून एकेक हिरवा ठिपका उजळू लागे. आधी पुढच्या बाकावर, मग खिडकीपाशी, मग मागे. ज्वारीच्या रानात संध्याकाळी काजवे दिसावेत तसं ते दृश्य सरांना वाटे. चाळीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाला याहून मोठं बक्षीस कोणतं?

त्या ठिपक्यांचं नाव होतं उमजपट्टी. कपाळाभोवती बांधायची बोटभर रुंदीची पट्टी आणि उजव्या कानावर मुगाच्या दाण्याएवढा दिवा. एखादी गोष्ट डोक्यात लख्ख शिरते त्या क्षणी मेंदूत एक बारीकशी लहर उठते. पट्टी ती लहर पकडायची आणि दिवा लावायची. लेखी परीक्षा बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. कोणत्याही प्रश्नाचं सुबक उत्तर यंत्र लिहून देऊ लागल्यावर कागदावरच्या उत्तराला किंमत कसली? उत्तर उसनं आणता येतं, उमज उसनी आणता येत नाही, असं विद्यापीठाच्या कमानीवरच लिहिलं होतं.

हिशेबही आता आपले आपण लिहिले जात. दुकानात साखरेचं पोतं विकलं की विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोघांच्याही वह्यांत नोंद पडे. तरी कायद्याने एक गोष्ट माणसाकडे ठेवली होती. वर्षाच्या शेवटी ताळेबंदावर सही करायची ती माणसानेच, आणि तीही हिशेब ज्याला उमजतो अशा माणसाने. अशी माणसं घडवायला विद्यापीठात लेखा आणि वित्त या विषयाची पदवी होती. जे आधी वाणिज्य शिकलेले नाहीत, किंवा ज्यांचं शिक्षण मध्येच सुटलं, त्यांच्यासाठी पदवीच्या अलीकडे एक पायाभूत वर्ष होतं. त्याच्या नऊ पायऱ्या. प्रत्येक पायरीच्या चाचणीत दिवा लागला पाहिजे. नऊ दिवे लागले की पदवीचं दार उघडलं. मात्र हे वर्ष आयुष्यात एकदाच करता येई.

"तर ही झाली तेरीज," सर म्हणाले. "सगळ्या खात्यांच्या बाक्या. नावे बाजूच्या डावीकडे, जमा बाजूच्या उजवीकडे. प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिलेला असतो, म्हणून दोन्ही बेरजा जुळायलाच हव्यात. जुळल्या का?"

जुळल्या. बावीस दिवे लागले. चौथ्या बाकावरचा तेवढा लागला नाही.

"मावशी, पुढे सरका की! सगळी गाडी तुमच्यासाठी खोळंबलीय," ईश्वरी खंदाडे मागून म्हणाली. वर्गात ती सगळ्यांत वात्रट.

"तू आधी तिकीट दाखव, मग बोल," चौथ्या बाकावरून उत्तर आलं, आणि वर्ग हसला.

ही वैजयंता गायसमुद्रे. वय छत्तीस. बारा वर्षं उदगीर–देगलूर गाडीवर कंडक्टर होती. पुढे गाडीचं दारच भाडं कापून घ्यायला लागलं आणि कंडक्टर ही नोकरीच संपली. चार वर्षं तिने मिळेल ते काम केलं, लेकीला बारावीपर्यंत आणलं, आणि मग स्वतः या बाकावर येऊन बसली. आठ दिवे तिने पहिल्याच फटक्यात, सगळ्यांच्या आधी लावले होते, म्हणून नववीलाही ती आधी बसली. तो तेरजेचा नववा दिवा मात्र दोनदा चुकला होता. संधी तीनच मिळत, आणि तिसरी आज दुपारी तीन वाजता होती. बाकीच्यांची नववी चाचणी शुक्रवारी होती.

तास संपल्यावर सरांनी तिला थांबवून घेतलं. तिची वही पाहिली. तेरीज अचूक होती, आणि ती सुटली होती वर्गात सर्वांत आधी.

"तुम्हाला हे येतं," सर म्हणाले. "मग अडतं कुठे?"

वैजयंताने पट्टी काढून कपाळ चोळलं. "सांगू का सर? हसाल तुम्ही. हिशेब जुळला की सगळ्यांना बरं वाटतं. मला धाकधूक होते."

"धाकधूक?"

"एकदा डेपोत रोकड भरायला गेले. वेबिलावर लिहिलेली तिकिटं आणि रोकड पैशाला पैसा जुळली. खुशीत घरी गेले. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी मला हुडकत डेपोत आली. सुट्टे देताना मी तिला पन्नास रुपये कमी दिले होते, आणि त्याच गर्दीत दुसऱ्या कुणाला तरी पन्नास जास्त. एका चुकीने दुसरी झाकली. म्हातारीजवळ पुढच्या रिक्षाला पैसे उरले नाहीत. फाट्यापासून गावापर्यंत चालत गेली बिचारी, भर उन्हात. आणि माझा हिशेब काय म्हणत होता? बरोबर आहे."

सर हसले नाहीत. एकमेकींना झाकणाऱ्या चुका हा धडा त्यांनी चाळीस वर्षं शिकवला होता. पण तो पुस्तकाच्या शेवटी होता, आणि नऊ पायऱ्यांत तो धरलेला नव्हता.

"आज एवढंच करा," ते म्हणाले. "बेरजा जुळल्या की क्षणभर थांबा. 'झालं' म्हणा मनाशी. मग दिवा लागेल."

"म्हणून बघते," ती म्हणाली. पण म्हणताना तिने नजर वर केली नाही.

तीन वाजता सर चाचणीच्या खोलीत साक्षीदार म्हणून भिंतीपाशी बसले. साक्षीदाराने बोलायचं नाही, खूण करायची नाही, खुर्चीवरून उठायचं नाही, असा नियम होता. पडद्यावर एका किराणा दुकानाची कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही आली. भांडवल आणलं, टेम्पो घेतला, माल घेतला, माल विकला, भाडं दिलं, टेम्पोचे जुने टायर बदलले. शेजारी खात्यावार मांडलेली खतावणी, खाली तेरीज. काम एकच: पडताळा घ्या, समजून घ्या. वेळ वीस मिनिटं.

सहाव्या मिनिटाला वैजयंताच्या दोन्ही बेरजा झाल्या होत्या. इकडे चार लाख बासष्ट हजार, तिकडेही चार लाख बासष्ट हजार. तिने पेन खाली ठेवलं. डोळे मिटले. ओठ हलले. 'झालं' म्हणत असावी.

सरांनी खुर्चीची कड घट्ट धरली. लाग बाबा, लाग.

तिने डोळे उघडले आणि बोट पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. एकेक ओळ खाली सरकत ते एका ठिकाणी थबकलं.

"हे चूक आहे," ती मोठ्याने म्हणाली. "टायरचे अठरा हजार वाहनाच्या खात्यात टाकलेत. टायर बदलला म्हणजे नवी गाडी घेतली का? हा खर्च आहे, दुरुस्तीचा. दोन्ही खाती नावे बाजूचीच, म्हणून बेरीज हलत नाही. पण दुकानाला झाला त्यापेक्षा अठरा हजार जास्त नफा दिसणार."

पडदा गप्प होता. त्याला बोलणं ऐकण्यासाठी बनवलंच नव्हतं. तो फक्त दिव्याकडे पाहत होता.

सरांनी पडद्याकडे नीट पाहिलं. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. हा प्रश्न दर वर्षी येई. त्यांनी तो अकरा वर्षं पाहिला होता, आणि त्यांनाही ते दिसलं नव्हतं. वैजयंताने वळून त्यांच्याकडे पाहिलं. नियमाप्रमाणे ते हलले नाहीत. त्या न हलण्याची आठवण पुढे त्यांना फार दिवस छळणार होती.

विसावं मिनिट भरलं. पडद्यावर अक्षरं आली: उमज आढळली नाही.

प्रवेश विभागात प्रणिता कोरडे बसत असे. तीही सरांचीच विद्यार्थिनी, पायाभूत वर्षाच्या पहिल्या तुकडीतली. सरांना पाहताच ती उठून उभी राहिली.

"बस गं," सर म्हणाले. त्यांनी प्रश्न तिच्यापुढे ठेवला. "ही टायरची ओळ वाच."

प्रणिताने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचा चेहरा उतरला. "सर, हा प्रश्न मलाही होता."

"आणि दिवा?"

"लागला होता. बेरजा जुळल्या त्याच क्षणी." तिने कागद उलटा ठेवला. "गेल्या महिन्यात इथलं काम सांभाळून मी सात कारखान्यांच्या ताळेबंदांवर सही केलीय, सर."

पंखा फिरत होता.

"तिचा दिवा धरून घे," सर म्हणाले. "तिला तर इतरांपेक्षा जास्त समजलंय."

"कुठे धरू? माझ्याकडे तसा रकानाच नाही. प्रश्न चुकीचा आहे हे कळवते, पुढच्या वर्षी तो दुरुस्त होईल. पण तिचा दिवा लागला नाही, हे तर खरंच आहे ना? पट्टीबद्दल तक्रार करायची, तर तिची शहानिशा पट्टीच करते."

"मग माणूस कोण आहे वर? त्याला भेटतो."

"वरती माणूस नाही, सर. शेवटचा माणूस मीच आहे." तिचे डोळे भरून आले होते. "आणि तिची पदवीची जागा चार वाजता आपोआप यादीतल्या पुढच्या नावाला गेली. मी तरी काय करू?"

तिच्यावर रागावता येईना, हे सरांना सगळ्यांत जड गेलं. रागवायला समोर कुणीतरी दोषी लागतं.

वैजयंता फाटकाजवळच्या थांब्यावर उभी होती. हातात पिशवी, पिशवीवर घडी घातलेली पट्टी.

"मी भांडून आलो," सर म्हणाले. "काही झालं नाही."

"मला ठाऊक होतं. तुम्ही उगाच पायपीट केली." तिने पट्टी त्यांच्या हातात दिली. "आणि सर, पट्टी काही खोटं बोलली नाही. आठ वेळा मला वाटलं, कळलं. आज तसं वाटलंच नाही. चूक सापडल्यावरसुद्धा वाटत राहिलं, अजून एखादी असेल. हे काय शिक्षण म्हणायचं? घरी लेक विचारेल, आई, तुला काय आलं? काय सांगू तिला?"

चाळीस वर्षांत पोरांच्या कोणत्याही प्रश्नाला 'बस, सांगतो' म्हणणारा हा माणूस नुसता पट्टीची घडी उलगडत आणि घालत राहिला.

गाडी आली. आत ना ड्रायव्हर, ना कंडक्टर. दाराने तिचं भाडं कापलं आणि एक टिंग वाजलं. पायरीवर उभं राहून तिने सवयीने मागे पाहिलं, कुणी चढायचं राहिलं का ते. कुणी राहिलं नव्हतं. दार लागलं.

सर वर्गात परतले. उन्हं खिडकीतून बाकांवर तिरपी पडली होती. शिक्षकाला पट्टी बांधावी लागत नसे, त्यामुळे त्यांनी ती आजवर कधी बांधलीच नव्हती. आज बांधली. खिशातून प्रश्नाचा कागद काढला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. टायरची ओळ आली. ही चूक आहे, असं मनाशी स्पष्ट म्हणून ते पुढे गेले. डावी बेरीज, उजवी बेरीज. चार लाख बासष्ट हजार, चार लाख बासष्ट हजार.

खिडकीच्या काचेत हिरवा ठिपका उजळला.

ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिले. चूक माहीत असूनही तो लागला होता. बेरजा जुळल्यावर मनाला जे गोड वाटतं, पट्टी तेवढंच मोजत होती. आणि अकरा वर्षं त्यांनी तेच काजवे पाहून समाधान मानलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते रात्रभराच्या विचाराने शिणून. पोरांना खरं सांगावं तर ती शंका घ्यायला शिकतील, आणि शुक्रवारी त्यांचे दिवे लागणार नाहीत. बावीस घरांनी या वर्षावर आशा ठेवली होती. न सांगावं तर बावीस जण आयुष्यभर निश्चिंतपणे सह्या करतील. काय करावं ते त्यांना सुचेना. शेवटी एक अक्षरही न बोलता त्यांनी किराणा दुकानाचा तो प्रश्न, टायरसकट, फळ्यावर उतरवला आणि बाजूला उभे राहिले.

चौथा बाक रिकामा होता.

दिवे लागू लागले. पुढे, खिडकीपाशी, मागे. बावीस झाले. सरांनी एकदा मोजले, पुन्हा मोजले, आणि फळा पुसायला डस्टर उचललं.

"सर, थांबा ना जरा," मागून ईश्वरी म्हणाली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती. ती रिकाम्या बाकाकडे पाहत होती. "मावशी असत्या तर त्यांनी परत पहिल्यापासून बघितलं असतं. म्हणून मी बघतेय." तिचं बोट हवेत एकेक ओळ खाली उतरत होतं. "हे टायर... टायर गाडीच्या खात्यात कसे?"

तिच्या कानावरचा हिरवा ठिपका थरथरला आणि विझला. लागलेला दिवा विझलेला आजवर कुणी पाहिला नव्हता, कारण जुळलेल्या हिशेबाकडे परत वळून कुणी पाहतच नव्हतं. सगळा वर्ग मागे वळला.

ईश्वरीने घाबरून कानाला हात लावला. "सर, माझा दिवा गेला! शुक्रवारी असं झालं तर?" तिने सरांकडे पाहिलं. "सर, खरं सांगा. मी चुकले का?"