क रांगेतली सात नंबरची खुर्ची

अकॉर्डियनवालीच्या हातातलं पोस्टर वाऱ्यानं उडालं, ते थेट नाट्यगृहाच्या तिकीट-खिडकीतून आत शिरलं आणि खिडकीवाल्याच्या चहात बुडालं.

"रविवार, सकाळी अकरा," तो ठिबकणारा कागद वाचत म्हणाला. मग उरलेल्या चहाचा घोट घेतला. "गोड आहे."

"कार्यक्रम?"

"चहा. कार्यक्रमाचं... ऐकल्यावर सांगतो."

ती हसली नाही. हसायला वेळ कुठे होता? इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मागे बसून वाजवलं. हा तिचा स्वतःचा पहिलाच कार्यक्रम. हॉल तिनंच ठरवलेला, पोस्टरं तिनंच चिकटवलेली. खर्चासाठी सगळी दुकानं पालथी घातली, तेव्हा कुठे कानाच्या डॉक्टरांनी तिकिटाच्या मागची जाहिरात घेतली – 'ऐकू आलं नाही तर भेटा.' आणि बाबांशी करार झाला होता. हॉल भरला तर ती मोकळी. नाहीतर सोमवारपासून शाळेत संगीत शिकवायची कायमची नोकरी. होकाराचं पत्र बाबांनी टाइपसुद्धा करून ठेवलं होतं. सही तेवढी बाकी.

"दोनशे दहा खुर्च्या... भरतील?" तिनं विचारलं.

त्यानं खुर्च्यांचा तक्ता पसरला. "नुसत्या पुढच्याच रांगा आधी विकायच्या नाहीत. मागे ओसाड दिसलं की लोक म्हणतात, कोणी येत नाही वाटतं. मिठासारखं टाकायचं – चिमूटचिमूट, सगळीकडे." आणि त्यानं लाल पेन्सिलीनं पहिली फुली मारली. क रांग, सात नंबर.

"ही कोणी घेतली?"

"आहे एक जण," तो म्हणाला. कान मात्र लाल झाले.

मग तीन आठवडे ती बसथांब्यावर वाजवत राहिली, वाचनालयाच्या पायऱ्यांवर, दवाखान्याच्या रांगेपुढे. पोस्टर अकॉर्डियनच्या पेटीला टांगलेलं. रोज संध्याकाळी खिडकीशी यायचं, फुल्या मोजायच्या. फुल्यांचं निमित्त कधी झालं, ते तिलाही कळलं नाही.

"आज अकरा."

"फक्त?"

"अकराच्या अकरा जण समोरच्या जागेसाठी भांडले. प्रेम आहे लोकांचं..." त्याची नजर तिच्यावर रेंगाळली. "वाजवण्यावर."

"तुम्ही कुठे ऐकलंय मला?"

"मला इथे टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. बारा वर्षं झाली, आतला एक कार्यक्रम पाहिला नाही. उशिरा येणाऱ्यांसाठी कोणीतरी बसायला हवं ना!"

रविवार उजाडला. अकराला पाच कमी असताना तिनं पडद्याआडून पाहिलं. हॉल गच्च होता! शेवटच्या रांगेत बाबा, तिकीट मुठीत धरून. रिकामी होती फक्त क रांगेतली सातवी खुर्ची.

"ताई, चला," दारावरचे काका धापा टाकत आले. "हाऊसफुल्लचा बोर्ड लागला! खिडकीवाल्यानं स्वतः धूळ पुसून लावला."

"मग ती खुर्ची?"

"त्याचीच की. बारा वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी तिकीट काढलंय वेड्यानं. आणि बसलाय खिडकीतच, कोणी उशिरा आलं तर म्हणून."

ती रंगमंचावर गेली. अकॉर्डियन गळ्यात, पण भात्याचा पट्टा तिनं सोडलाच नाही.

"हॉल भरला नाही, तर मी वाजवायचं नाही," ती माइकवर म्हणाली. "माझा बाबांशी तसा करार आहे. इथे दोनशे नऊ जण आहेत. एक जण खिडकीत अडकलाय... अहो, तिकिटं संपली! आता कोणाची वाट बघताय?"

हॉल खदखदून हसला. "अरे, आणा त्याला कोणीतरी!" शेवटच्या रांगेतून आवाज आला. बाबांचा!

तो आला. कानावर लाल पेन्सिल, चेहराही त्याच रंगाचा. तो बसला, तिनं पट्टा सोडला, आणि मग तिनं असं वाजवलं की शेवटी सगळा हॉल उभा राहिला. टाळ्यांच्या मधोमध तो कानांवर हात ठेवून हसत होता. आतून त्या इतक्या मोठ्या असतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

बाबा विंगेत आले. त्यांनी खिशातलं पत्र काढलं, उलटं केलं आणि कोरी बाजू पुढे केली. "सही दे गं. पहिली मला हवी."

डोळे पुसत ती खिडकीपाशी गेली. तो परत आपल्या जागी येऊन बसला होता. "ऐकलंत ना? आता सांगा."

"मला... तुम्ही आवडता. फार."

"मी कार्यक्रमाचं विचारलं."

"त्याचंही तेच."

तिनं त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली.

"पुढच्या कार्यक्रमाचा तक्ता काढा," ती म्हणाली. "सातवी आधी भरायची. कायमची."

कायमच्या नोकरीतून ती आत्ताच सुटली होती. पण हा शब्द तिनं अगदी सहज उच्चारला.