सात नंबरची पट्टी

भुताखेतांना रात्रच लागते असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट ऐकू नये, त्यांची निराशा होईल. ही भर दुपारची गोष्ट आहे. साडेतीन-चारचा सुमार, बाहेर लख्ख ऊन, आणि एक बाई दारांची मापं घेत होती.

तिचा धंदा बोर्ड डिझाइन करण्याचा. बोर्ड म्हणजे काय, नाव लिहिलं की झालं, असं कुणी म्हणालं की तिचं डोकं फिरायचं. अक्षर किती फुटांवरून वाचता यायला हवं, बाण कुठे संपला की माणूस गोंधळतो, कुठली शाई उन्हात उडते, यावर ती तासभर बोलू शकायची. नवऱ्याला ते सगळं पाठ झालं होतं आणि आठ वर्षांच्या ठकूला तर त्याहून जास्त. रस्त्यावरचा वाकडा बोर्ड दिसला की ठकू आईच्या आधी नाक मुरडायची.

या वेळचं काम मोठं होतं. शंभर वर्षांपूर्वीची दगडी इमारत, बरीच वर्षं बंद पडलेली, आणि आता तिथे को-वर्किंग ऑफिस होणार होतं. टेबल-खुर्ची, खोली, जे हवं ते भाड्याने. लोगोपासून संडासाच्या दिशेच्या बाणापर्यंत सगळं तिने करायचं होतं. तिथला मॅनेजर उंच, शिडशिडीत आणि मनाने बरा माणूस. बोलण्याआधी दाराच्या चौकटीवर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक करायचा आणि प्रत्येक काम एकाच वाक्याने सांगायचा, "घाई नाही हो, पण आजच."

पहिल्याच दिवशी तो तिला तळमजल्याच्या लांब व्हरांड्यात घेऊन गेला. एका बाजूला बारा दारं, समोर खिडक्या. प्रत्येक दारावर हातभर लांबीची एक पितळी चौकट ठोकलेली, पुढे काच आणि एका कडेला फट. त्या फटीतून नावाची पट्टी आत सरकवायची. रंगाऱ्यांनी भिंती नव्या करून टाकल्या होत्या, पण चौकटींना हात लावला नव्हता.

"ह्या काढून टाकायच्यात," मॅनेजर म्हणाला.

"अजिबात नाही," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "याच चौकटींत कंपन्यांची नावं घालू. अशी चीज आज कुणी बनवून देणार नाही."

"इथे आधी काय होतं माहितीय ना? लहान मुलांचं तापाचं हॉस्पिटल."

"मग काय झालं? चौकट ती चौकट."

दुसऱ्या दिवशी ती नमुना घेऊन आली. तिची एक सवय होती. कुठलाही नमुना करताना ती ठकूचं शाळेतलं नाव वापरायची, आडनावासकट. त्या नावात वर जाणारी मात्रा, खाली येणारा उकार, जोडाक्षर असं सगळं होतं. ते बसलं की कुठलंही नाव बसतं, असं ती सांगायची. ठकूच्या जन्मापासून तिच्या नावाच्या पाट्या दवाखान्यांच्या, बँकांच्या, हॉटेलांच्या दारांवर तासा-दोन तासांपुरत्या लागून गेल्या होत्या. घरच्या प्रिंटरवर काढलेली कागदी पट्टी तिने सात नंबरच्या चौकटीत सरकवली. सातच का, तर समोरच्या खिडकीतून उजेड चांगला येत होता, फोटोला बरं. पट्टी अर्धी आत गेली आणि मग तिच्या हातातून सुटून आपणहून पुढे सरकली, जणू पलीकडून कुणी हलकेच ओढून घेतली. जुनी चौकट, उतार असेल. तिने फोटो काढला.

तेवढ्यात कुठूनसा वास आला. स्पिरिटचा, आणि त्यात उतू जाऊन करपलेल्या दुधाचा. व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी चाकं कुरकुरली. कामगार काहीतरी हलवत असतील, असं तिला वाटलं. खरं तर कामगार चहाला गेले होते.

मॅनेजरने दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक केलं. "सुंदर. राहू द्या तिथेच, मालक येतायत बघायला."

घरी पोचली तेव्हा ठकूच्या अंगात ताप होता.

डॉक्टर म्हणाले, साथ आहे, तीन दिवसांत उतरेल. तीन दिवस झाले, पाच झाले. ताप बरोबर चारच्या ठोक्याला चढायचा. नवरा घरूनच काम करायचा, तो दुपारी तिच्या उशाशी बसे. सहाव्या दिवशी संध्याकाळी ठकू आईला म्हणाली, "आई, तिथलं छत किती उंच आहे."

"कुठलं गं?"

"जिथे मी दुपारी असते तिथलं. तिथल्या बाई चालतात तर आवाजच होत नाही. त्या म्हणाल्या, तुझी आई रोज दारापर्यंत येते, पाटी बघते... आणि आत न येता निघून जाते."

ठकूला तिने त्या इमारतीचं काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती तडक सात नंबरपाशी गेली. फटीत नख घालून पट्टी ओढणार, तोच कुणीतरी तिचं मनगट धरलं. तिथे झाडलोट करणाऱ्या मावशी होत्या, साठीच्या पुढच्या, एरवी कुणाशी फारसं न बोलणाऱ्या.

"काढू नका," मावशी हळूच म्हणाल्या.

"माझ्या मुलीचं नाव आहे मावशी ते."

"म्हणून तर..." मावशींनी व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. "माझी आई इथे आया होती. तापाच्या पोरांना भेटू द्यायचे नाहीत. आईबाप चार वाजता अंगणात येऊन उभे राहायचे आणि त्या खिडक्यांमधून दारावरचं नाव बघायचे. नाव आहे, म्हणजे पोर आहे. नाव नाही, की न विचारता माघारी जायचे."

"मूल गेल्यावर पट्टी काढत असतील..."

"तसं नव्हतं ना." मावशींचा आवाज अगदी खाली आला. "आई सांगायची, पट्टी आधी निघायची. पोर नंतर जायचं. आणि पट्टी कोण काढतं, ते कधी कुणाला दिसलं नाही."

ती शिकलेली बाई होती. असल्या गोष्टींना भीक घालणारी नव्हती. मावशी बादली उचलून गेल्या, तसं तिने पट्टीचं टोक धरलं आणि बोटभर बाहेर ओढलं. तेवढंच, फक्त बघायला.

पर्समधला फोन वाजला. नवरा ओरडत होता, "अगं, हिचा श्वास अडकलाय, ओठ निळे पडलेत, काय करू..."

तिने अंगठ्याने पट्टी आत दाबली. नख मुळापासून उलटलं, तरी ती दाबतच राहिली. फोनवर ठकूने मोठा श्वास घेतलेला तिला ऐकू आला आणि मग तिचं रडणं. ती व्हरांड्यातल्या फरशीवर बसली आणि लेकीबरोबर रडली.

आता पुढे जे झालं ते ऐकून कुणी तिची बाजू घेऊ नये. मी घेत नाही.

सोमवारी ऑफिस उघडणार होतं. सात नंबरची खोली एका वकिलांनी घेतली होती. मॅनेजरने टकटक केलं आणि म्हणाला, "सातचा नमुना काढून वकीलसाहेबांचं नाव घालून टाका. घाई नाही हो, पण आजच."

तिने हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. वकिलांना दुसरी खोली द्या, हवं तर सात नंबरचं भाडं मी भरते, एवढंसुद्धा म्हणून झालं. तो हसला. ताप आलेल्या लेकीमुळे बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही, असं त्याला वाटलं असणार. ठकूसाठी त्याने खिशातून चॉकलेट काढून दिलं. "तुम्ही घरी जा, आराम करा. पट्टी काय, उद्या सुतारही काढेल."

ती घरी गेली आणि प्रिंटर सुरू केला. मॅनेजरचं पूर्ण नाव टाइप केलं. दोन अक्षरांमधलं अंतर नीट दिसेना, म्हणून पुन्हा जुळवलं. काम वाईट केलं असतं तर तिला चैन पडलं नसतं. सुतार यायच्या आधी, सकाळी, ती पट्टी तिने आठ नंबरच्या चौकटीत सरकवली. ती अर्धी आत गेली आणि उरलेली आपणहून पुढे ओढली गेली. सुतार आला, त्याला तिने सांगितलं की सातचं काम साहेबांनी थांबवलंय. तो खांदे उडवून गेला.

चार वाजता मॅनेजर थंडीने कुडकुडत घरी गेला.

एवढ्यावर भागलं असतं. तो अंथरुणाला खिळला होता, पट्टी जागेवर होती, ठकूही होती. पण तो पडला कामाचा माणूस. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला तेव्हा ती व्हरांड्यातच उभी होती. आवाज खोल गेलेला.

"सुताराला तुम्ही परत पाठवलंत म्हणे... असं नका करू. मी मालकांना सांगितलंय, ते स्वतः माणूस पाठवतायत. इथे कोण बाई उभ्या आहेत कुणास ठाऊक, मला उठू देत नाहीत... ते जाऊ दे. सातची पाटी तेवढी बदला. घाई नाही हो, पण..."

तिने आठ नंबरची पट्टी सर्रकन बाहेर ओढली.

फोनवर काही पडल्याचा आवाज झाला नाही, कुणी कण्हलं नाही. वाक्य तिथेच थांबलं. ती कानाला फोन लावून उरलेल्या शब्दाची वाट बघत राहिली, मग तिने फोन ठेवला. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. ठकूला खिचडी भरवली आणि तिला चॉकलेटही दिलं.

उद्घाटन लांबलं. मालक हादरले होते, सातच्या पट्टीसाठी माणूस पाठवायचं तेही विसरले. नवीन मॅनेजर म्हणून एक तरुण मुलगी आली, नम्र, सगळ्यांना विचारून वागणारी. तिला बोर्डवाल्या बाईंनी बजावून सांगितलं की सात नंबरची पट्टी शाईच्या चाचणीची आहे, तिला कुणीही हात लावायचा नाही. वकिलांना वर जागा दिली गेली. झालं, सुटलो, असं तिला आठ दिवस वाटलं.

मग एका दुपारी तिच्या लक्षात आलं की ठकूच्या नावाचं शेवटचं अक्षर राखाडी दिसतंय.

घरच्या प्रिंटरची शाई. उन्हात महिनाभरही टिकत नाही, असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आली होती. आणि उजेड चांगला म्हणून खिडकीसमोरचं दार तिनेच निवडलं होतं. तिने खिडकीला जाड पडदा लावला, खिडकीच्या काचांवर काळी फिल्म चिकटवली. अक्षरं उडतच राहिली. चौकटीला पुढे काच होती आणि फट एकाच पट्टीपुरती, जुनी बाहेर काढल्याशिवाय नाव गिरवता येत नव्हतं की नवी पट्टी घालता येत नव्हती. घरी ठकूचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. आडनाव गेलं तेव्हा तिने उठून बसणं सोडलं. नावाची पहिली दोन अक्षरं तेवढी उरली होती, आणि आता तीही तिरकं उभं राहिल्याशिवाय दिसत नव्हती. बाई रोज चार वाजता दारासमोर जाऊन उभी राहायची, पूर्वी ते आईबाप अंगणात उभे राहायचे तशी. काही करता येत नव्हतं. नुसतं बघायचं.

त्या दिवशी तिला पोचायला पाच मिनिटं उशीर झाला. ती व्हरांड्यात वळली आणि तिला लांबूनच दिसलं. सात नंबरवर नाव होतं. पूर्ण, आडनावासकट, काळंकुळकुळीत.

तिला इतका आनंद झाला की क्षणभर तिने भिंतीचा आधार घेतला.

"मॅडम!" नवी मॅनेजर मुलगी हसत पुढे आली. "ती पट्टी फारच फिकी पडली होती. तुमच्याच फाइलमधून चांगल्या शाईत प्रिंट काढून आणली, आता दहा वर्षं हलणार नाही. आणि जुनी टाकली नाही हं, तुम्ही हात लावू नका म्हणाला होतात ना, म्हणून जपून ठेवलीय."

तिने कोरी दिसणारी कागदाची पट्टी पुढे केली. बाईंनी ती घेतली. पट्टी गरम होती, आजारी मुलाच्या कपाळासारखी, आणि हातातच हळूहळू गार पडत गेली.

फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो उचलायचं तिला धैर्य होईना. शेवटी त्या मॅनेजर मुलीनेच बटण दाबून तिच्या हातात दिला.

"अगं, ताप उतरला!" नवरा हसत होता आणि रडत होता. "चारला एकदम गार पडली, मी घाबरलोच होतो, आणि पाच मिनिटांत डोळे उघडून उठून बसली. चालतेय घरभर. थांब, तिला तुझ्याशीच बोलायचंय म्हणे. हे काय नवीन खूळ... ऐकलंस?"

ऐकलं होतं तिने. पलीकडे दाराच्या चौकटीवर कुणीतरी पेरांनी दोनदा टकटक केलं होतं.

मग ठकूचा आवाज आला, कोवळा, स्वच्छ, महिन्याभरात ऐकला नव्हता इतका ठणठणीत. ती एकच शब्द बोलली.

"...आजच."