कुरवड्याला केबल आली

"हलू नका! अजिबात हलू नका!"

विनेशशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. बिचारा फक्त ग्रामपंचायतीचा रस्ता विचारायला जेटीच्या टोकाशी आला होता.

आमच्या कुरवड्यात मोबाईलला रेंज येते ती तेवढ्या एकाच जागी, खाडीच्या तोंडाशी. मी पुण्यातल्या एका स्टुडिओसाठी कार्टूनमधली घरं, झाडं, आभाळ रंगवते, आणि एकेक फाईल ही एवढी जड! त्या दिवशी उपड्या टपावर लॅपटॉप, डोक्यावर छत्री, भादव्यातली बारीक सर चालू... आणि फाईल ब्याण्णव टक्क्यांवर अडलेली. फोन उंच धरून माझा हात भरून आला होता. तेवढ्यात हा ताडमाड माणूस समोर उभा राहिला. मी फोन त्याच्या हातात कोंबला आणि त्याचा हात वर केला.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"अकरा मिनिटं दाखवतंय."

तो खरंच उभा राहिला. पाऊस त्याच्या कोपरावरून ठिबकत होता. मी छत्री पुढे केली, तर म्हणाला, "मला नको, लॅपटॉपवर धरा. मी वाळेन, तो वाळायचा नाही."

फाईल गेली. मी जीव भांड्यात पडल्यासारखी हसले. "थँक्यू हं! आणि तुमचं काय काम होतं?"

"तुमच्या गावात इंटरनेट आणायचंय," तो म्हणाला. "फायबर केबल. घराघरात."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी पुण्याहून आले आणि मग इथेच रमले. पण स्टुडिओने आता निर्वाणीचं सांगितलं होतं— महिनाअखेरपर्यंत घरी नेट घे, नाहीतर पुण्याला परत ये.

"कधीपर्यंत येईल?" मी विचारलं.

"वीस दिवस. कोणी आडवं आलं नाही तर."

आडव्या आल्या भागुबाई. मुख्य रस्ता आणि गाव यांच्यामध्ये त्यांची पोफळीची वाडी. खांब तिथूनच यायचे होते. त्यांनी विनेशला दारातच थांबवलं.

"खांब न्हाय पायजे! त्या वादळात इजेचा खांब पडला, माज्या धा पोफळी घेऊन गेला. तार महिनाभर अंगनात लोळत व्हती. कोन आला का बघाया?"

विनेश परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "त्यांचं बरोबरच आहे," तो म्हणाला. मला राग यायला हवा होता. पण तसं म्हणणारा माणूस मला एकदम... जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेले. भागुबाई मला लहानपणापासून ओळखतात. "आजी, खांब नको तर नको," मी म्हटलं. "जमिनीखालून नेली तर?"

"मुळं तुटतील."

"नाही तुटणार," विनेश म्हणाला. "कुंपणाच्या गडग्याच्या कडेकडेने हाताने चर खणतो. मशीन नाही आणणार. एक मूळ तुटलं तर काम बंद करा माझं."

भागुबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "खन. मी बसते बघत."

आणि त्या खरोखरच बसल्या, खुर्ची टाकून. विनेश आणि त्याचे दोन जोडीदार सहा दिवस त्या दगडी गडग्याच्या कडेने खणत होते. मी दुपारी कोकम सरबत घेऊन जायचे. पहिल्या दिवशी तिघांसाठी तीन पेले. तिसऱ्या दिवशी चार, कारण मीही तिथेच टेकायला लागले होते.

"तुम्हाला काम नाही का?" विनेश घाम पुसत विचारायचा.

"झाडं रंगवायचीत. मुळं कशी असतात ते बघतेय."

"आल्यापासून मुळांकडे एकदाच बघितलंत."

"तुम्ही मोजताय?"

"माझं कामच मोजायचं आहे..." आणि तो कान लाल करून पुन्हा खणायला लागायचा. भागुबाई पदराआड हसायच्या.

सत्तावीस तारखेला आमच्या घरी तो छोटा हिरवा दिवा लागला. बाबांनी टाळ्या वाजवल्या. जिला अर्धा दिवस लागायचा ती फाईल चहा गाळेपर्यंत गेली! मी धावत बाहेर आले... तर विनेशची गाडी निघून गेलेली. त्याचा जोडीदार तेवढा अवजारं गोळा करत होता.

"साहेब पुढच्या गावाला गेले. डोंगरापलीकडे, वावळीला."

न सांगता? मी जेटीवर जाऊन फोन लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. संध्याकाळी लावला, सकाळी लावला, तेच. घरात एवढं नेट, अख्खं जग बोटावर... आणि बारा किलोमीटरवरचा एक माणूस सापडेना! वावळीला अजून रेंजच नव्हती ना.

तीन दिवस मी स्वतःची समजूत घातली. चौथ्या दिवशी बाबांची स्कूटर काढली.

वावळीच्या विहिरीजवळ तो शिडीवर चढून खांबाला केबल बांधत होता. खाली चार-पाच बायका पाणी भरत होत्या.

"न सांगता का निघून आलात?" मी खालून ओरडले.

त्याच्या हातातली पक्कड निसटता निसटता राहिली. "मृणाली? तुम्ही... नेट बंद पडलं का?"

"नेट चालू आहे! मी विचारतेय, का आलात?"

"काय सांगणार होतो?" तो वरूनच म्हणाला. "चार वर्षं हेच करतोय. गाव जोडायचं, निघायचं. तुम्हाला नेट हवं होतं, ते मिळालं. माझं काय काम उरलं?"

"मला तुम्ही आवडता! हे काम उरलं!"

विहिरीवरचा रहाट थांबला. माझ्या तोंडून ते एवढ्या मोठ्याने निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. त्यांच्यातल्या कमरेवर कळशी घेतलेल्या एक बाई वर बघून म्हणाल्या, "आरं ए, पोरगी उन्हातानात इथवर आलीय. उतर की खाली! का वरच संसार मांडतोस?"

तो उतरला. शेवटची पायरी चुकला, सावरला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केसांत धूळ, डोळ्यांत... काय सांगू!

"मला वाटलं, तुम्ही हसाल," तो हळूच म्हणाला. "तुम्ही आभाळ रंगवणाऱ्या. मी माती खणणारा."

"मग आता मी हसतेय का?"

"थोडंसं."

"ते वेगळं हसू आहे."

मागे बायकांची कुजबुज चालली होती. कोणालाच घरी जायची घाई नव्हती.

"रविवारी कुरवड्याला येऊ?" त्याने विचारलं. "तुमच्या बाबांना काय सांगायचं पण? राउटर तपासायला आलो म्हणतो."

"राउटर ठणठणीत आहे, विनेश," मी म्हटलं. "मुलगी बघायला आलो म्हण."