आऊट कोण म्हणालं?

धम्मानंद लाइटच्या टॉवरखाली पडलेला सापडला, तेव्हा बँडचं पुढचं गाणं सुरू झालं होतं. उजवा तळहात भाजलेला. धंतोलीच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार भावना मेश्राम प्रताप नगरजवळच्या त्या मैदानात उभी होती. कार्यक्रम रॉकचा, आणि नेमका त्याच संध्याकाळी क्रिकेटचा सामना. नागपूरकर दोन्हीपैकी काही सोडणार थोडेच? गिटार ऐकायला आलेली निम्मी मंडळी निळी जर्सी घालून आली होती. म्हणून मंचाशेजारी मोठा पडदा लावला होता. दोन गाण्यांच्या मध्ये डिशवरून मॅच.

"नेमकं झालं काय?" तिनं मॅनेजर पियूषला विचारलं.

"टॉवरचा लाइट लुकलुकून राहिला होता. धम्मानंद वर चढला, म्हणून जनरेटरची लाइन बंद केली. पडदा, माइक, सारंच गेलं. ऐन शेवटच्या ओव्हरले! पब्लिक बाटल्या फेकून राहिली होती, मॅडम."

"मोबाइलवर बघायची मॅच."

"कुठून? नेटवर्क पुरं जाम. गेटवर तिकिटं स्कॅन होत नव्हती, हातानं फाडून लोकायले आत सोडलं."

"लाइन परत कोणी दिली?"

"चंद्रभाननं. जनरेटर त्याच्याकडेच राहते."

"तुम्ही घाई केली?"

"केली. जल्दी करा म्हटलं. पण आऊट आल्याबिगर लाइन देऊ नका, हेही म्हटलं. वॉकीटॉकीवर साऱ्यायनं ऐकलं."

'आऊट' हा या कामगारांचा पक्का नियम. वर चढलेला माणूस खाली उतरला की मोठ्यानं 'आऊट' ओरडतो. तोवर जनरेटरवाला खटक्याला हात लावत नाही.

पियूषचं म्हणणं खरं होतं. मंचावरच्या चौघांनी तेच सांगितलं.

चंद्रभान मंचामागं जनरेटरपाशी बसला होता. धम्मानंदच्या बायकोचा थोरला भाऊ. मेहुण्याला या कामाला त्यानंच लावलं होतं. त्याची बहीण रोशनी शेजारी उभी होती. दुपारी अंत्यविधी होता, तरी ती आली होती.

"लोक म्हणून राहिले, त्यानं वरूनच आऊट म्हटलं, आपल्याच चुकीनं मेला," ती भावनाला म्हणाली. "माह्या पोरीले हे ऐकत मोठं व्हा लागन. खरं काय ते शोधा, मॅडम. बाकी मले काही नाई पाहिजे."

"धम्मानंदनं नाई म्हटलं वं," चंद्रभान खाली मान घालून बोलला. "विकेट गेली अन् पाच हजार माणूस एकदम 'आऊट' ओरडला. मले वाटलं, तोच उतरला. मी लाइन देली."

रोशनीनं डोळे मिटले. नवऱ्याची चूक नाही, भावाचीही नाही. तिला तेवढंच उरलं होतं.

भावनालाही हे लिहून मोकळं व्हावंसं वाटलं. दोन ओळींचा जबाब, अपघात, विषय संपला. ती चंद्रभानच्या जागी जाऊन उभी राहिली. तिथून टॉवर दिसत नव्हता, मंच आड येत होता. पडदा मात्र कडेनं पूर्ण दिसत होता.

"आधी ओरडा ऐकला, मग लाइन दिली?"

"हो."

"नक्की? उलटं नाही?"

"नक्की, मॅडम."

भावनाला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण तिनं विचारलंच.

"पडदा बंद होता, चंद्रभान. नेटवर्क नव्हतं. मग विकेट गेली, हे पाच हजार लोकांना कळलं कसं?"

मागून आलेल्या पियूषनं डोक्याला हात लावला.

"पडदा उजळला, रिप्ले दिसला, तेव्हाच लोक ओरडले. पडद्याला लाइन लागते. म्हणजे लाइन आधी आली आणि ओरडा नंतर. त्या वेळी कोणीच आऊट म्हटलं नव्हतं. धम्मानंदनं नाही आणि पब्लिकनंही नाही. तो नियमानं वरच होता. पियूष थांबा म्हणत असताना तुम्ही खटका दाबला. पब्लिकच्या भीतीनं दाबला असता, तर सरळ तसं सांगितलं असतं. लपवण्यासारखं काय होतं?"

रोशनी भावाकडे बघत होती. "काहून, दादा?"

"तीन-चार मिनिटं झाले होते वं," चंद्रभानचा आवाज फुटला. "मले वाटलं, उतरला असन. तीनच बॉल राहिले होते... मले पाहाची होती. मंग असा ओरडा झाला, तो पडल्याचं ऐकूच नाई आलं. मी तिकडंच पाहून राहिलो होतो."

"किती वेळ?"

"मॅच सरेपर्यंत."

भावनानं हवालदाराला खूण केली. तपास नीट लागला होता आणि तिला त्याचा काडीचाही आनंद नव्हता. धम्मानंद निर्दोष ठरला. त्यापायी रोशनीचा उरलेला एकमेव आधार आता जीपमध्ये बसणार होता.

रोशनी रडली नाही. जीपपर्यंत त्याच्या मागं चालत गेली.

"दादा, मॅच कोण जिंकलं?"

चंद्रभान जीपमध्ये चढून बसला.

"आपण," तो म्हणाला.