केरमोरच्या वेशीत पडलेले निशाण

पहाटे धुके असले की केरमोरचा तट आधी दिसत नसे, ऐकू येई. ओहोटीचे पाणी खडकांवरून खळखळत मागे सरे, मिठागरांच्या चौकोनी वाफ्यांवर बगळे उतरत, पहारेकऱ्याच्या शिंगाचा आवाज एका बुरुजावरून दुसऱ्या बुरुजाकडे जाई, आणि मग कुठे फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी या ब्रेतों लोकांच्या मुलखातले ते करड्या दगडांचे गाव दहा बुरूज, चार दरवाजे आणि मधोमध देवळाचा मनोरा अशा इतमामाने हळूहळू उजेडात येई.

त्या साली गावाला सात आठवड्यांचा वेढा होता. ब्रिटनीच्या ड्यूकपदावर दोघांनी हक्क सांगितला होता. केरमोर एकाच्या बाजूने उभे राहिले, म्हणून दुसऱ्याची फौज मिठागरांपलीकडे तंबू ठोकून बसली होती. पण सागरमाता मेरीचा उत्सव आला, तसा दोन्ही बाजूंनी शपथा वाहून एका दिवसाचा तह केला. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत कोणी हत्यार उचलायचे नाही, आणि पंचक्रोशीतले भाविक निःशस्त्र, अनवाणी दर्शनाला येतील त्यांना अडवायचे नाही. आईच्या नावाने घेतलेली शपथ कोणी मोडणार नाही, असा किल्लेदाराचा भरवसा होता. रिवाल मिठागऱ्याला मात्र त्या दिवशी शपथेचे, वेढ्याचे, कशाचेच काही वाटत नव्हते. आज निशाण तांगीच्या हाती जाणार, एवढीच एक गोष्ट त्याच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती.

सागरमातेचे निशाण म्हणजे साधी पताका नव्हे. बारा हात उंच काठी, तिला निळ्या मखमलीचा पट, त्यावर रुप्याच्या तारेने विणलेली माता. ओल्या मिठाच्या गोणीइतके वजन. ते एकट्या माणसाने देवळापासून समुद्रकाठच्या देवळीपर्यंत न्यायचे आणि परत आणायचे. खरी परीक्षा वेशीत असे. दरवाज्याची कमान ठेंगणी; तिच्याखालून जाताना निशाण जवळजवळ आडवे करायचे, हातांच्या आणि कमरेच्या बळावर तसेच तोलत वीस पावले चालायचे, आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ उभे करायचे. ते जमिनीला टेकता कामा नये. टेकलेच, तर माता रुसली असे समजून दरवाज्याचे लोखंडी जाळीचे फाटक त्या क्षणी खाली सोडायचे, आणि पाद्रीबाबांनी मंत्रजल शिंपडेपर्यंत कोणालाही आत घ्यायचे नाही, असा वाडवडिलांपासूनचा दंडक होता. त्यासाठी पहारेकरी मोर्वान फाटकाच्या दोरापाशी कुऱ्हाड घेऊन उभा राही.

बावीस वर्षे हे निशाण रिवालने वाहिले. गेल्या साली कमानीखाली त्याचे गुडघे थरथरले, पट चिखलापासून बोटभर उंचीवरून गेला, आणि उत्सवमंडळाच्या पंचांनी पुढच्या वर्षासाठी तांगीचे नाव घेतले. तांगी खलाशी, तिशीचा, चार वर्षांपूर्वी जळालेल्या गावातून आलेला. गावाने त्याला घर दिले, होडी दिली, आणि रिवालच्या मते जे देऊ नये तेही दिले.

आठवड्यापूर्वी तांगी त्याच्याकडे आला होता. टोपी काढून म्हणाला, "काका, कमानीखाली वाकताना श्वास कुठं धरायचा, तेवढं सांगा."

"ज्याला विचारावं लागतं त्यानं उचलू नये," रिवाल म्हणाला आणि मिठाची रास ओढत राहिला. त्याच संध्याकाळी गुत्त्यात, चारचौघांत, त्याने सांगून टाकले की तांगी निशाण पाडणार, आणि आपण ते बघायला उभे राहणार.

उत्सवाच्या सकाळी त्याची बायको आझेनोर पाण्याचे घंगाळ घेऊन समोर आली. "तोंड धुवा," ती म्हणाली. "आणि तोंडावरचं ते दुसरंही धुऊन टाका. आई बघते आहे."

"आईनंच बदलला ना माणूस?"

"आईनं नाही, गुडघ्यांनी."

मिरवणूक निघाली. तांगीने निशाण असे उचलले, जसा शिडात वारा भरावा, आणि लोकांच्या तोंडून जो हुंकार निघाला तो रिवालने बावीस वर्षे पाठीशी ऐकला होता. आज प्रथमच तो समोरून ऐकला. गावकऱ्यांनी निशाणापुढे चालायचे आणि देवळीपाशी येऊन मिळणाऱ्या बाहेरच्या पाहुण्यांनी परतीला मागे, अशी रीत होती. रिवाल मुद्दाम मागे राहिला. पुढे चाललो तर वळून पाहावे लागेल, हे त्याला ठाऊक होते.

देवळीपाशी पाद्रीबाबांनी प्रवचन गायिले. ते गाऊनच सांगत; एक ओळ त्यांनी म्हणायची, दुसरी सगळ्या समुदायाने झेलायची, आणि मध्ये समुद्राने साथ धरायची. घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो, बाप मेजवानी घालतो, आणि थोरला मात्र दाराबाहेर उभा राहतो, ती कथा. दरवर्षी या कथेला रिवालच्या डोळ्यांना धार लागे, आणि शेजारच्याला ढोसून तो म्हणे, ऐका, आता बाप बाहेर येईल. आज पाद्रीबाबांनी थोरल्याला समजावणाऱ्या बापाचे गाणे लावले, "आत ये बाळा, जे माझे ते तुझेच आहे," आणि रिवालला वाटले की हे मला उद्देशून चालले आहे. त्याने झेलायची ओळ झेलली नाही. षड्रिपूंत मत्सर शेवटचा म्हणतात. पण बाकीचे पाच माणसाला कुठेतरी नेतात तरी, हा एका जागी उभा करून कान बंद करतो.

परतीच्या वाटेवर तो पाहुण्यांच्याही मागे, खाली मान घालून चालला. बावीस वर्षे याच वाटेवर त्याने वर, निशाणाच्या टोकाकडे पाहिले होते. आज निशाण बघवत नव्हते, म्हणून नजर वाटेवर होती. आणि वाटेवर बघायला पायांखेरीज काय असणार?

पाय तो ओळखत होता. मिठागऱ्यांच्या टाचा मिठाने चिरलेल्या. कोळ्यांची बोटे होडीच्या फळ्या धरून पसरलेली. शेतकऱ्यांच्या नखांत काळी माती. त्याच्या पुढे बारा जण चालले होते, करड्या घोंगड्या पांघरलेले, दूरच्या बंदरातले कोळी म्हणवणारे. त्यांचे पाय सोललेल्या कांद्यासारखे पांढरे होते. शिंपल्यांच्या चुऱ्यावर पाऊल पडले की ते विस्तवावर पडल्यासारखे उचलत. पोटऱ्यांवरचे केस बुटांनी झिजून गेलेले, आणि टाचेच्या वर, सगळ्यांच्या, बाराही जणांच्या, घोड्याला टोचायच्या टाचेरीच्या पट्ट्याने पडलेला घट्टा. कोळी कधी घोड्यावर बसतो?

हे शत्रूचे स्वार होते. यांना दर्शन नको होते, मोर्वान हवा होता. तो पडला की फाटक उघडे राहणार, आणि वाळूच्या टेकडीआडून बाकीची फौज येणार.

आणि त्याच क्षणी, त्या भीतीच्या पाठोपाठ, दुसरा एक विचार चोरपावलांनी आला. शत्रू तांगीच्या निशाणामागून गावात शिरला, असेच मग लोक म्हणतील. पुढची शंभर वर्षे म्हणतील. तो विचार त्याने झटकला, पण झटकायला त्याला चार पावले लागली.

तो धावत, धापा टाकत, बाजूने चालणाऱ्या हवालदाराकडे गेला. "हवालदारसाहेब, त्या बारा जणांचे पाय बघा. स्वार आहेत ते."

हवालदाराने हसून शेजाऱ्याकडे पाहिले. "रिवालदादा, आज तांगीच्या मागं तुम्हाला सैतानसुद्धा दिसेल."

"अहो, टाचेवर घट्टे आहेत."

"घट्टा तुमच्या मनाला पडलाय. मातेचा दिवस आहे, पाहुण्यांची अब्रू काढू नका. मिरवणूक थांबवायची आणि तांगीचं नाव घालवायचं, हेच ना?"

रिवाल उभाच राहिला. हवालदाराचे काही चुकले नव्हते. गुत्त्यात आपणच जे बोललो, त्यानंतर गावात आपल्या शब्दाला कवडीची किंमत उरलेली नाही, हे त्याला त्या उन्हात लख्ख दिसले. ओरडावे, तर दीड हजार कंठांच्या गाण्यात ऐकणार कोण, आणि ऐकले तरी मानणार कोण? फाटक एकाच गोष्टीने पडणार होते.

तो पुढे निघाला. गर्दी कापत, कोणाच्या घोंगडीला धरत, त्या बारा जणांना ओलांडून वेशीपाशी पोचला. गावकरी सगळे आत गेले होते. तांगीने निशाण आडवे केले होते. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठ घट्ट मिटले होते, आणि श्वास त्याने बरोबर तिथेच धरला होता जिथे धरायचा. उत्तम चालला होता तो. रिवालला ते दिसले, कळले, झोंबले. कमानीच्या आत पहिले पाऊल पडायच्या आधी त्याने खांदा वाकवला आणि सगळ्या ताकदीनिशी तांगीच्या गुडघ्यावर घातला.

निळी मखमल चिखलात गेली. काठी तांगीच्या उजव्या दंडावर आडवी कोसळली आणि हाड मोडल्याचा आवाज गाण्यावरून ऐकू आला. आतून आक्रोश उठला, आणि मोर्वानने बापाने शिकवले होते तसे, काही न विचारता, दोरावर कुऱ्हाड चालवली. फाटक दणदणत खाली आले.

घोंगड्या फेकल्या गेल्या. बारा तलवारी उन्हात चमकल्या, पण समोर लोखंड होते. वाळूच्या टेकडीआडून घोडदळ उधळले आणि तटावरून बाणांचा पाऊस सुरू झाला. "बांधावर चला," रिवाल पाहुण्यांना ओरडला, "मिठागरात शिरा, घोडी रुततील." तांगीचा डावा हात स्वतःच्या खांद्यावर घेऊन तो हातभर रुंदीच्या बांधावरून त्याला ओढत राहिला. एका स्वाराची तलवार त्याच्या पाठीवर तिरपी उतरली, तरी त्याने हात सोडला नाही. त्यांच्या मागे घोडी छातीपर्यंत चिखलात गेली आणि बुरुजांवरच्या तिरंदाजांनी उरलेले काम केले. तिसऱ्या दिवशी वेढा उठला. शपथ मोडणाऱ्याच्या निशाणाखाली राहायला त्याचेच सरदार तयार नव्हते.

मग किल्लेदाराने दरबार भरवला. पाठीला पट्टी बांधलेला रिवाल समोर उभा होता.

"रिवाल," किल्लेदार म्हणाले, "मातेचे निशाण मुद्दाम पाडणाऱ्यास या गावात देहदंड आहे, आणि गाव वाचवणाऱ्यास मानाचे पान. तुम्ही दगा ओळखून हात घातलात, की वैर साधलेत? जे असेल ते देवासमक्ष सांगा."

रिवालची नजर तांगीकडे गेली. हवालदाराने खाली मान घालून सांगितले की पायांची गोष्ट याने आपल्याला आधी सांगितली होती आणि आपण हसलो. मग किल्लेदारांनी तांगीला विचारले. गळ्यात हात बांधलेला तांगी पुढे आला.

"पाय ओळखून पाडलं, सरकार," तो म्हणाला. "मी साक्षी आहे."

रिवालला मानाचे पान मिळाले, निशाण वाहण्याचा हक्कही परत मिळाला. ते घेऊन तो घरी गेला नाही, तांगीकडे गेला.

"दरबारात तू खोटं बोललास," उंबऱ्यावरूनच तो म्हणाला. "पाय मी ओळखले होते, ते खरं. पण खांदा घातला तेव्हा मला बरं वाटलं, तांगी. आतून बरं वाटलं."

"ठाऊक आहे. तुमचं तोंड माझ्यापासून वीतभर होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"पायही खरेच होते की, काका. दोन्ही सांगितलं असतं तर किल्लेदारांना एकच ऐकू आलं असतं." तांगीने हात सावरला. "माझा हात काही आता बारा हातांची काठी उचलणार नाही. शिव्या मी तुम्हाला रोज सकाळी घालतो. तुम्हाला फाशी दिली तर घालायच्या कोणाला? आत या, उभे का?"

रिवाल आत गेला. निशाणाचा हक्क मात्र त्याने पंचांना परत दिला. आपले गुडघे राहिले नाहीत, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि ते सांगायला त्याला पाठीवरच्या घावापेक्षा जास्त सोसावे लागले.

पुढच्या साली निशाण कादो भटारी याने उचलले. पोट सुटलेला, घामाघूम झालेला, पण बैलासारखा मजबूत. वेशीच्या आतल्या अंगाला दगडी बाकावर रिवाल आणि तांगी शेजारी शेजारी बसले होते.

"काठी किती खाली धरलीय बघ," रिवाल म्हणाला.

"आणि पाय कसे टाकतोय. बदक."

"तुझ्यासारखं कोणाला जमलं नाही. त्या दिवशी तू उत्तम चालला होतास."

कादो कमानीखाली आला, निशाण आडवे झाले, मखमलीची कड थरथरत दगडांजवळ उतरू लागली, आणि दोघांनीही न ठरवता श्वास धरला.

"पडेल," तांगी पुटपुटला.

"नको," रिवाल म्हणाला, आणि आपण ते मनापासून म्हटले की नाही, हे पाहण्यासाठी त्याने डोळे मिटले.